जिमी रे : चेंडू हाती आला, खुर्ची आली नाही

खेळात जात नसते, असे सांगणारे लोक आपल्याला पदोपदी भेटतात. मैदानावर फक्त गुण पाहिला जातो, जो पळेल तो जिंकेल, असे ते मोठ्या विश्वासाने म्हणतात. अमेरिकेतले गोरे लोकही असेच म्हणत आले आहेत. तिथे काळा खेळाडू पळतो, उड्या मारतो, अंगावर धडका घेतो आणि हजारो गोरे प्रेक्षक उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. मग वर्णद्वेष उरला कुठे? तो पाहायचा असेल तर टाळ्या कुणाला मिळतात हे बघून भागत नाही, हुकूम कोण सोडतो हे बघावे लागते. जिमी रे या कृष्णवर्णीय खेळाडूची आणि प्रशिक्षकाची हकिकत त्यासाठीच आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या पोरांचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. शंभर यार्डांचे मैदान, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाड गाद्या. चेंडू हातात घेऊन किंवा फेकून समोरच्याच्या हद्दीत न्यायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याच्या ताब्यात जातो. आपल्या कबड्डीत दम आणि डोके दोन्ही लागते, तसेच इथेही.

या अकरा जणांत एक क्वार्टरबॅक असतो. डाव सुरू होताच चेंडू त्याच्या हातात येतो. कुणाला द्यायचा, कुणाकडे फेकायचा, की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते. समोरच्यांची मांडणी बघून ऐन वेळी ओरडून डाव बदलायचा अधिकारही त्याचाच. बाकीचे दहा जण त्याचा शब्द पाळतात. कॉलेजच्या संघाचा क्वार्टरबॅक म्हणजे वरातीतला नवरदेवच जणू! वर्तमानपत्रात फोटो त्याचा, मुलाखत त्याची. आणि खेळायचे वय सरले की प्रशिक्षकाच्या नोकरीसाठी त्याचे नाव आधी निघते, कारण डाव आखायची आणि हुकूम सोडायची सवय त्याला आधीपासूनच असते.

ही जागा गोऱ्यांनी आपल्याकडे राखून ठेवली होती. काळ्या मुलाला पळायला ठेवा, चेंडू झेलायला ठेवा, मागे राखणीला ठेवा. पण क्वार्टरबॅक करू नका! कागदावर असा नियम कुठेच नव्हता. तरी प्रत्येक प्रशिक्षकाला तो पाठ होता. काळ्याचे पाय चालतात पण डोके चालत नाही, आणि चालले तरी गोरी पोरे त्याचे ऐकणार नाहीत, हे त्यामागचे शहाणपण.

हे वाचताना आपल्या जुन्या गिरणी कामगारांना काही आठवेल. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, घेत नसत. तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, त्याचा विटाळ होई म्हणे! पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. पुढे 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६च्या ग्रंथात त्यांनी कामाची वाटणी वेगळी आणि काम करणाऱ्या माणसांची वाटणी वेगळी, हा भेद उलगडून दाखवला. अमेरिकेच्या मैदानावर हीच दुसऱ्या प्रकारची वाटणी चालू होती.

जिमी रे याचा जन्म १९४६चा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या फेएटव्हिल गावचा. हे दक्षिणेतले राज्य. एकेकाळी गुलामगिरी असलेल्या या दक्षिणेत शाळा, बसमधल्या जागा, पाण्याचे नळ, खाणावळी असे सारे काही काळ्या-गोऱ्यांसाठी वेगवेगळे होते. याच राज्यातल्या ग्रीन्सबरो शहरात १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले आणि उठेनात. ज्यांना महाडचे तळे माहीत आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. वेगळ्या शाळा घटनेला धरून नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच दिला होता. तरीही दहा वर्षांनी जिमी शाळेतून बाहेर पडला तो काळ्यांच्या वेगळ्या शाळेतूनच. निकाल लागणे वेगळे आणि अंमल होणे वेगळे, हे आपल्यालाही नवे नाही.

जिमी शाळेच्या संघाचा क्वार्टरबॅक होता. काळ्यांच्या शाळेत ही जागा काळ्यालाच मिळणार, तिथे अडचण नव्हती. अडचण पुढे होती. त्याच्याच राज्यातल्या, त्याच्या आई-बापांच्या करावर चालणाऱ्या मोठ्या विद्यापीठांचे फुटबॉल संघ गोऱ्यांचे होते. अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया यांच्या साखळीत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला तो १९६७ साली. जिमीला शिकायचे होते आणि क्वार्टरबॅक म्हणून खेळायचेही होते. त्यासाठी मुलूख सोडणे भाग होते.

उत्तरेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक होते डफी डॉहर्टी. हा गृहस्थ गोरा, पण कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या घरातला. स्वतःही खाणीत काम केलेला. दक्षिणेत काळ्या शाळांच्या प्रशिक्षकांना गोऱ्यांच्या शिबिरात प्रवेश मिळत नसे, तेव्हा डॉहर्टी त्यांच्यासाठी शिबिरे घेत. त्या ओळखीतून दक्षिणेतली चांगली मुले त्यांच्याकडे येऊ लागली. टेक्सासहून बब्बा स्मिथ आणि जीन वॉशिंग्टन, साउथ कॅरोलायनाहून जॉर्ज वेबस्टर आले. गुलामांना उत्तरेत पळवून नेणाऱ्या गुप्त वाटांना एकेकाळी 'भुयारी रेल्वे' म्हणत. या मुलांच्या येण्याला लोक तेच नाव देऊ लागले. डॉहर्टी यांना सामने जिंकायचे होते, हे खरे. नुसत्या परोपकारासाठी कुणी संघ बांधत नाही. पण बाकीच्या प्रशिक्षकांनाही जिंकायचेच होते, आणि त्यांनी हे केले नाही, हेही तितकेच खरे.

या वाटेने जिमी हजार किलोमीटरहून दूर, बर्फाच्या मुलखात आला. १९६५च्या मोसमात तो राखीव होता. १९६६मध्ये डॉहर्टी यांनी संघाची सूत्रे त्याच्या हाती दिली. त्या संघात २० कृष्णवर्णीय खेळाडू होते. वेबस्टर आणि क्लिंटन जोन्स हे दोघे कर्णधार, तेही कृष्णवर्णीय. त्याआधी १९६० साली मिनेसोटा विद्यापीठाला सँडी स्टीफन्स या काळ्या क्वार्टरबॅकने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले होते. पण स्टीफन्स उत्तरेतला. वेगळ्या नळाचे पाणी पिऊन वाढलेला दक्षिणेतला काळा मुलगा गोऱ्या खेळाडूंना डाव सांगतो आहे आणि ते निमूट ऐकताहेत, हे दृश्य नवे होते.

त्या मोसमात मिशिगन स्टेट एकही सामना हरले नाही. १९ नोव्हेंबर १९६६ रोजी त्यांच्याच मैदानावर नोटर डेम विद्यापीठाशी गाठ पडली. तोही संघ अपराजित. ८० हजार प्रेक्षक मैदानात आणि तीन कोटींहून अधिक लोक दूरचित्रवाणीसमोर! अमेरिकेत आजही या सामन्याला शतकातला सामना म्हणतात. जिमीने जीन वॉशिंग्टनकडे ४२ यार्डांचा लांब चेंडू फेकला आणि त्यातून मिशिगन स्टेटचे पहिले गुण झाले. बघता बघता १०-० अशी आघाडी झाली. बब्बा स्मिथच्या धडकेने नोटर डेमचा क्वार्टरबॅक जखमी होऊन बाहेर गेला. तरी त्या संघाने चिवटपणे १०-१० अशी बरोबरी साधली. शेवटी चेंडू नोटर डेमकडे होता. मिनिटभराचा वेळही होता. पण त्यांच्या प्रशिक्षकाने धोका पत्करला नाही. चेंडू जपत वेळ काढला आणि सामना बरोबरीत सोडवला. यावरून अमेरिकेत अजून वाद होतात. आमच्या मते तो भित्रेपणाच होता, पण ते असो.

या सामन्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. नोटर डेमच्या त्या साऱ्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू एकच होता, अॅलन पेज. हा पेज पुढे व्यावसायिक फुटबॉलमधला अव्वल खेळाडू झाला. खेळत असतानाच त्याने कायद्याचा अभ्यास केला, १९७८ साली पदवी घेतली आणि १९९३पासून २०१५पर्यंत मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून काम केले. आपली मुले खेळायला गेली की "अभ्यास बुडतो" म्हणून ओरडणाऱ्या आई-बापांनी आणि खेळात नाव निघाले की वही-पुस्तक बासनात बांधणाऱ्या मुलांनी, दोघांनीही हे नाव लक्षात ठेवावे.

त्याच वर्षी दक्षिणेतला अलाबामाचा संघही अपराजित राहिला होता. पण क्रमवारीत तो तिसरा आला आणि त्याच्या चाहत्यांनी मोठा आरडाओरडा केला. तो संघ पूर्णपणे गोऱ्यांचा होता. १९६३ साली याच विद्यापीठाच्या दारात गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दोन काळ्या विद्यार्थ्यांची वाट अडवून उभे राहिले होते. अलाबामाच्या संघात काळा खेळाडू मैदानात उतरायला १९७१ साल उजाडावे लागले.

आता खरा मुद्दा पाहा. अमेरिकेत कॉलेजचे शिक्षण संपले की व्यावसायिक संघ खेळाडूंची निवड करतात. सगळे संघ ओळीने बसतात आणि एकेक फेरी करून एकेक खेळाडू उचलतात. १९६७च्या निवडीत बब्बा स्मिथ पहिला उचलला गेला, क्लिंटन जोन्स दुसरा, जॉर्ज वेबस्टर पाचवा आणि जीन वॉशिंग्टन आठवा. एकाच कॉलेजचे चार खेळाडू पहिल्या आठांत! चौघेही कृष्णवर्णीय. एक धडक देणारा, एक पळणारा, एक राखणारा, एक झेलणारा. या चौघांबरोबर मैदानात राहून ज्याने डाव चालवला त्या जिमीचा नंबर पुढच्या वर्षी लागला. कितव्या फेरीत? सोळाव्या! एकूण फेऱ्या सतराच होत्या. आणि लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला घेतले तेही क्वार्टरबॅक म्हणून नव्हे, मागे राखण करणारा गडी म्हणून. १९६७च्या मोसमात त्याच्या कॉलेजचा संघ दहापैकी सात सामने हरला होता, हेही सांगायला हवे. मोठे खेळाडू निघून गेल्यावर दुसरे काय होणार? पण मोसम वाईट गेला म्हणून फार तर फेरी खाली घसरेल. जागा कशी बदलेल?

हे एकट्या जिमीचे नशीब नव्हते. सँडी स्टीफन्सला व्यावसायिक संघांनी क्वार्टरबॅक म्हणून खेळू दिले नाही, तो कॅनडाला गेला. मार्लिन ब्रिस्को १९६८ साली डेन्व्हरकडून क्वार्टरबॅक म्हणून चांगला खेळला, पुढच्या वर्षी ती जागा त्याला मिळाली नाही आणि तो चेंडू झेलणारा झाला. वॉरन मून याला १९७८च्या निवडीत कुणीही उचलले नाही. त्यालाही कॅनडाचीच वाट धरावी लागली आणि तिथे त्याने लागोपाठ पाच अजिंक्यपदे मिळवली. जिमी रॅम्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स या संघांत जेमतेम राहिला आणि त्याचे खेळणे थांबले.

पंचविशीच्या आत ज्याचे स्वप्न असे मोडले, त्याने फुटबॉलचे तोंडही पाहिले नसते तरी कुणी नावे ठेवली नसती. जिमी परत मिशिगन स्टेटला गेला आणि डॉहर्टी यांच्याच हाताखाली प्रशिक्षणाचे काम शिकू लागला. इथून पुढे तो 'सर' झाला, तेव्हा आपणही त्यांना अहो-जाहो करू.

सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट आहे. इकडे १९७२ साली आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी केली, त्याच सुमारास. विद्यापीठात काही वर्षे काढून रे १९७७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघात साहाय्यक प्रशिक्षक झाले. तेव्हा या सबंध व्यावसायिक लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नव्हता. विसाच्या दशकात फ्रिट्झ पोलार्ड होऊन गेले, त्यानंतर एकदम १९८९ साली आर्ट शेल. मधली साठ-पासष्ट वर्षे कोरी!

मुख्य प्रशिक्षकाच्या खाली दोन मोठ्या जागा असतात, आक्रमणाचा प्रमुख आणि बचावाचा प्रमुख. आक्रमणाच्या प्रमुखाला तिथे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. संघाच्या हातात चेंडू असताना कोणता डाव खेळायचा हे तो ठरवतो. मैदानावर क्वार्टरबॅक जे करतो तेच तो बाहेरून करतो. मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीच्या अलीकडची ही पायरी. १९८३मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने ही जागा जिमी रे यांना दिली. ज्या संघाने त्यांना क्वार्टरबॅक मानले नव्हते त्याच संघाचे डाव आता ते आखू लागले. एरिक डिकरसन हा पळणारा खेळाडू त्या वर्षी नवाच होता. १९८४च्या एका मोसमात डिकरसनने चेंडू घेऊन एकूण २,१०५ यार्डांची धाव घेतली. हा विक्रम २०२४च्या मोसमातही कुणाला मोडता आला नाही. श्रेय डिकरसनच्या पायांचे आणि त्याच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्या गड्यांचे, यात शंका नाही. पण आक्रमणाची आखणी ज्याच्याकडे होती त्याचे नाव त्या विक्रमाच्या बातम्यांत कितीदा येते? विक्रम करणारे पाय काळे असले तर चालतात. त्यामागचे डोके काळे होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

१९८७ साली बेसबॉलमधला एक गोरा अधिकारी, अल कॅम्पानिस, दूरचित्रवाणीवर हे उघड बोलून गेला. व्यवस्थापक व्हायला लागणारे गुण काळ्यांत कदाचित नसतील, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. त्याची नोकरी गेली. आमच्या मते त्याचा गुन्हा एवढाच की सगळे मनात म्हणत होते ते तो तोंडाने म्हणाला.

रे यांचा पुढचा प्रवास नुसता वाचला तरी दम लागतो. टॅम्पा बे, न्यू इंग्लंड, कॅन्सस सिटी, वॉशिंग्टन, ओकलंड, सॅन फ्रान्सिस्को, आणि आधीचे रॅम्स धरून एकूण सात संघांनी त्यांना आक्रमणाचे प्रमुख केले. अधल्यामधल्या वर्षांत अटलांटा, न्यूयॉर्क जेट्स अशा संघांत साहाय्यक. तीस वर्षांहून अधिक काळ व्यावसायिक फुटबॉलमध्ये बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणे! प्रत्येक ठिकाणी पोरांच्या शाळा बदलणे, घर बदलणे, नव्या साहेबाच्या मर्जीत बसणे. सारेच मोसम चांगले गेले असेही नाही. टॅम्पा बेने १९८५ आणि १९८६ या दोन्ही वर्षी सोळापैकी दोनच सामने जिंकले. न्यू इंग्लंडने १९९०मध्ये एक. हे संघ आधीच कमकुवत होते. तरी अपयश ते अपयश, ते लपवण्यात अर्थ नाही. २०१०मध्ये सॅन फ्रान्सिस्को पहिले तीन सामने हरले आणि रे यांना काढण्यात आले. काढणारे मुख्य प्रशिक्षक माइक सिंगलटरी हे कृष्णवर्णीयच होते, म्हणजे तिथे वर्णाचा प्रश्न नव्हता.

पण सात संघांना ज्या माणसाचे डोके हवेसे वाटले, त्याला मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीवर बसवावे असे एकाही संघाला कधी वाटले नाही. हार कुणाच्या वाट्याला येत नाही? गोरे प्रशिक्षक एका संघातून हरून निघतात आणि दुसऱ्या संघात मुख्य म्हणून जातात, अशी उदाहरणे तिथे दर वर्षी सापडतात.

आपल्या क्रिकेटमध्ये पळवणकर बाळू यांचे असेच झाले होते. पुण्यात साहेबांच्या क्लबात चार रुपये महिन्यावर खेळपट्टी राखणारा हा चांभार समाजातला मुलगा तासन्‌तास गोलंदाजी करी. फलंदाजी मात्र त्याला करू देत नसत. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना शेवटपर्यंत दिले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले, तेही बरीच भांडाभांडी झाल्यावर. पुढे बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले, तो भाग वेगळा. गोलंदाज बाळूंवरचा अन्याय त्यामुळे लहान होत नाही.

जिमी रे १९६६ साली खेळत होते तेव्हा मिशिगन स्टेटपासून साठेक किलोमीटरवरच्या जॅक्सन गावात टोनी डंगी नावाचा अकरा वर्षांचा काळा मुलगा होता. वडील कॉलेजात विज्ञान शिकवायचे, आई शाळेत इंग्रजी. या मुलाने मिशिगन स्टेटचे सामने पाहिले, आपल्यासारखाच एक जण क्वार्टरबॅक आहे हे पाहिले आणि आपणही तेच व्हायचे असे ठरवले. जिमी रे हा आपला आदर्श होता, असे डंगी यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. टॉम शानाहन यांनी २०१४ साली रे यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाची प्रस्तावनाही डंगी यांचीच आहे.

डंगी मिनेसोटा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक झाला. तिथले चेंडूफेकीचे सगळे जुने उच्चांक त्याने मागे टाकले. १९७७ सालच्या व्यावसायिक निवडीत बारा फेऱ्या झाल्या. बाराही फेऱ्यांत कुणी त्याचे नाव घेतले नाही! रे यांना निदान सोळाव्या फेरीत तरी घेतले होते. शेवटी पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला निवडीबाहेर घेतले आणि राखणीला उभे केले. त्याच वर्षी एका सामन्यात संघाचे क्वार्टरबॅक जखमी झाले आणि डंगीला ऐन वेळी त्या जागी उभे करावे लागले. अडचण आली की काळा चालतो!

मात्र डंगी यांच्या वेळेला दार थोडे किलकिले झाले होते. १९८१मध्ये पिट्सबर्गचे साहाय्यक, १९८४मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी बचावाचे प्रमुख. तिथून मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीवर बसायला बारा वर्षे गेली. १९९६मध्ये टॅम्पा बेने ती दिली. हरायची सवय लागलेला तो संघ त्यांनी उभा केला आणि २००१च्या मोसमानंतर त्यांनाच काढण्यात आले. मग इंडियानापोलिस. ४ फेब्रुवारी २००७ रोजी त्यांच्या संघाने शिकागोला २९-१७ असे हरवून सुपर बोल हे सर्वोच्च अजिंक्यपद जिंकले. ते जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक टोनी डंगी. समोरच्या शिकागोचे मुख्य प्रशिक्षक लव्ही स्मिथ हेही कृष्णवर्णीय, आणि टॅम्पामध्ये डंगी यांच्याच हाताखाली तयार झालेले. डंगी यांची सगळीच सामाजिक मते आपल्याला पटतील असे नाही. पण माणसे तयार करण्याचे त्यांचे काम मोठे आहे. रे यांनी डाव शिकवले, खुर्ची त्यांच्याकडे नव्हती म्हणून माणसे नेमता आली नाहीत. डंगी यांना ती आली.

डंगी आणि डेनिस ग्रीन या दोन काळ्या प्रशिक्षकांच्या नोकऱ्या जानेवारी २००२मध्ये पाठोपाठ गेल्या, तेव्हा जॉनी कॉकरन आणि सायरस मेहरी या दोन वकिलांनी आकडेवारी मांडून दाखवले की काळे प्रशिक्षक जास्त जिंकतात, पण घेतले शेवटी जातात आणि काढले आधी जातात. कोर्टात खेचण्याचा इशारा दिल्यावर लीग हलली. २००३पासून नियम झाला की मुख्य प्रशिक्षक नेमताना निदान एका अल्पसंख्याक वर्णाच्या उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. पिट्सबर्गचे मालक डॅन रूनी यांच्यावरून त्याला रूनी नियम म्हणतात. वाचकहो, नीट पाहा. जागा राखीव नाही. फक्त मुलाखत राखीव! आपल्याकडे राखीव जागा असूनही "योग्य उमेदवार मिळाला नाही" असा शेरा मारून ती रिकामी ठेवतात. तिथे मुलाखतीचेच नाटक करून सुटता येते.

झालेही तसेच. त्याच वर्षी डेट्रॉइटने नाव आधीच ठरवून टाकले होते. काळ्या उमेदवारांनी असल्या मुलाखतीला जायला नकार दिला. डेट्रॉइटच्या संघप्रमुखाला दोन लाख डॉलर दंड झाला. फेब्रुवारी २०२२मध्ये ब्रायन फ्लोरेस या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाने लीगवरच दावा लावला. न्यूयॉर्क जायंट्सने मुलाखत घेण्याआधीच दुसऱ्या ब्रायनला पसंत केले होते, आणि त्या ब्रायनसाठीचा अभिनंदनाचा संदेश चुकून आपल्या फोनवर आला, असे त्याने दाव्यात म्हटले. जायंट्सने आरोप नाकारला. त्या दिवशी ३२ संघांत कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक एकच उरले होते, पिट्सबर्गचे माइक टॉमलिन. तेही एकेकाळचे डंगी यांचे साहाय्यक.

क्वार्टरबॅकच्या जागेचे चित्र मात्र बदलले. डग विल्यम्सने १९८८ साली वॉशिंग्टनला सुपर बोल जिंकून दिला. १२ फेब्रुवारी २०२३च्या सुपर बोलमध्ये तर पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते, कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स आणि फिलाडेल्फियाचा जेलन हर्ट्स. यातला हर्ट्स कॉलेजात असताना कुठे खेळला? १९६६ साली ज्या संघात एकही काळा नव्हता त्या अलाबामाकडून! सामना कॅन्सस सिटीने ३८-३५ असा जिंकला.

दोन्ही संघांचे मुख्य प्रशिक्षक गोरे होते. कॅन्सस सिटीच्या आक्रमणाचे प्रमुख, म्हणजे १९९८ ते २००० या काळात जिमी रे ज्या जागेवर होते त्या जागेवरचे, एरिक बिएनमी हे कृष्णवर्णीय होते. त्या पाच मोसमांत त्यांचा संघ तीन वेळा सुपर बोलपर्यंत गेला आणि दोनदा जिंकला. या काळात अनेक संघांनी त्यांना मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावले. सामना संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत बिएनमी दुसऱ्या संघात गेले, वॉशिंग्टनला, पुन्हा आक्रमणाचे प्रमुख म्हणून.